सेल्फ मारला की नुसतं ‘खट्’: जुन्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ११ जानेवारी

गाडी पाच आठवडे उभी होती. आज चावी फिरवली तर एकच ‘खट्’. पुढे काही नाही.

साधी गाडी आहे. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी कॉइल, तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि कंडेन्सर. सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही. म्हणून तर ठेवली आहे. बिघडली तर का बिघडली ते डोळ्यांना दिसतं, निदान असा माझा समज आहे.

पहिला संशय बॅटरीवर. दोन वर्षांची आहे. मीटर लावला तर १२.५८ व्होल्ट. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ ला आली की जेमतेम निम्मी उरलेली असते आणि १२ च्या खाली गेली की तिच्याकडून सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) फिरवून घेण्याची आशा सोडावी. म्हणजे ही भरलेली. हेडलाइट स्वच्छ, हॉर्न खणखणीत.

आवाजही बसलेल्या बॅटरीचा वाटला नाही. बॅटरी बसली की सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) बहुधा ‘कट-कट-कट-कट’ करत राहतं. ते ओढलं जातं, सेल्फ करंट खेचतो, व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतं, व्होल्टेज सावरतं, परत ओढलं जातं. इथे एकच खट् आणि मग शांतता.

इंजिनच जाम झालं नाही ना, म्हणून चावी बंद करून चौथ्या गिअरमध्ये गाडी मागेपुढे हिसडली. पंख्याचा पट्टा हलला. इंजिन मोकळं आहे. सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकलं असतं तर तेही या हिसक्याने सुटलं असतं. पुन्हा चावी. खट्.

मग सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने चार टोले. कार्बन ब्रश घासलेले असतील तर यावर सेल्फ एखादवेळ फिरतो. हा फिरला नाही. भाचा ड्रायव्हरच्या सीटवर होता. म्हणाला, “मामा, मारून ऐकणाऱ्यातला नाही तो.”

निदान (लिहूनच ठेवतो, नंतर शब्द फिरवायला नको): सेल्फ गेला.

रविवार, १२ जानेवारी

सेल्फ काढला. वाक्य दोन शब्दांचं, काम साडेतीन तासांचं. खालचा बोल्ट समोर आहे. वरचा इंजिन आणि बॉडीच्या मधल्या फटीत आहे, तिथे हात जातो पण नजर जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडली. सॉलेनॉइडवरच्या वायरी नुसत्या बोटांनी चाचपून काढल्या. खूण केली नाही. लक्षात राहील म्हटलं.

सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट धरला आणि जंपर केबलने सरळ बॅटरी दिली. असा मोकळा सेल्फ हातात धरून तपासू नये, सुरू होताना तो जबर हिसका देतो. सॉलेनॉइडने दातेरी चाक पुढे फेकलं आणि मोटर किंचाळत फिरली. ब्रश निम्म्याहून जास्त शिल्लक. सेल्फ ठणठणीत.

उघडलाच आहे म्हणून पुसला, दातेरी चाकाच्या शाफ्टवरचं वाळून चिकट झालेलं जुनं ग्रीस काढलं, परत चढवला. जाड केबल, चावीकडून येणारी पातळ वायर, बोल्ट, निगेटिव्ह केबल. चावी.

खट्.

मंगळवार, १४ जानेवारी, रात्री

दोन दिवस विचार केला, तो रविवारी पाना हातात घेण्याआधी करायला हवा होता. बॅटरी १२.५८ दाखवते ती कुणी तिच्याकडे काही मागत नसताना. सेल्फ टेबलावर फिरला तो जंपर केबलवर, गाडीच्या स्वतःच्या तारांवर नाही. दोन्ही चाचण्या घेतल्या आणि दोन्ही वेळा संशयिताला खोलीबाहेर ठेवलं.

आज भाच्याला परत चावीवर बसवलं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि मीटर सेल्फ मारत असताना बघायचा असं ठरवलं.

बॅटरीच्या दोन टोकांवर, चावी दाबून धरलेली असताना: १२.२ व्होल्ट. हाच आकडा शनिवारी घेतला असता तर रविवार वाचला असता. सेल्फ इंजिन फिरवतो तेव्हा शंभर-दीडशे अँपिअर सहज खेचतो आणि चांगली बॅटरीसुद्धा दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत खाली येते. ही १२.२ वरच बसून आहे, म्हणजे तिच्याकडून कुणी फारसं काही घेतच नाही. वाटेत कुठेतरी दार बंद आहे.

ते शोधायला वायर सोडावी लागत नाही. वाटेच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया लावायच्या आणि चावी मारायची. वाट चांगली असेल तर दोन्ही टोकांवर जवळपास एकच व्होल्टेज असतं आणि मीटर शून्याजवळ राहतो. जिथे मोठा आकडा दिसेल तिथे व्होल्टेज खाल्लं जातंय.

बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ते सेल्फचा जाड स्टड: ०.१. ठीक.
बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते इंजिनचा ब्लॉक: ५.१.

पाच पूर्णांक एक! तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. बाराचे पाच व्होल्ट परतीच्या वाटेवरच गडप. उरलेल्या सातमध्ये सॉलेनॉइड कसंबसं ओढलं जातं, त्याचा दट्ट्या अर्ध्यात अडतो आणि आतला जाड कॉन्टॅक्ट बंद होतच नाही. तेच ते एकटं खट्.

परतीच्या वाटेचे दोन तुकडे आहेत. बॅटरीकडून बॉडीला एक केबल आणि बॉडीकडून इंजिनला एक विणलेली पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी नसेल तर विजेच्या दृष्टीने ते अधांतरीच. पहिला तुकडा मोजला: ०.०४. म्हणजे चोर पट्टीतच.

एक गंमत. मीटर धरून वाकलो होतो तेव्हा कोपर चोकच्या केबलला लागलं आणि ती कोमट होती. जे इंजिन पाच आठवडे चाललेलं नाही त्याच्यावरची केबल कोमट कशी? कारण बॉडी आणि इंजिन यांना जोडणारा पट्टीखेरीज दुसरा धातूचा धागा म्हणजे चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबली. पट्टीने हात वर केल्यावर करंट बिचाऱ्या चोकच्या तारेतून घरी निघाला होता. असंच रेटत राहिलं असतं तर तिचं प्लास्टिक वितळलं असतं.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायच्या लोखंडी कडीला. चावी. इंजिन गरागरा फिरलं. भाच्याने इतक्या जोरात आरोळी ठोकली की मी बॉनेटला डोकं आपटून घेतलं.

फिरलं. पकडलं मात्र नाही. रात्र झाली होती, तिथेच थांबलो.

शनिवार, १८ जानेवारी

पट्टी काढली. वरून काळी, तेलकट, धडधाकट दिसत होती. बॉडीकडचा बोल्ट सोडला तर थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाचा पापुद्रा आणि विणीत हिरवी पूड. बोटांनी वाकवली तशी शेवटच्या दोन सेंटीमीटरमधली निम्मी तार कुरकुर करत तुटून हातात आली.

नवीन घेतली ती २५ चौरस मिलिमीटरची केबल, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली थिंबलं. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासल्या. बोल्टखाली दातेरी वॉशर, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा हात. जोड धातूवर धातू असायला हवा, व्हॅसलिन फक्त बाहेरच्या ओलीसाठी.

नवे आकडे, सेल्फ फिरत असताना: निगेटिव्ह टोक ते ब्लॉक ०.१५, बॅटरी १०.६. आता बॅटरी कामाला लागलेली दिसते.

इंजिन छान फिरतं. पकडत नाही. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती (सेल्फ तापून मरतो तो असाच, उतावळेपणाने), असं सहा वेळा. पेट्रोलचा वास यायला लागला. भाचा म्हणाला, “धक्का मारून बघूया ना, मामा.” मी म्हटलं, रोग कळल्याशिवाय औषध नाही. वाक्य ऐटीत टाकलं. पुढे वाचा.

रविवार, १९ जानेवारी

इंजिन फिरतंय आणि पकडत नाही, तर कमी असू शकतात तीनच गोष्टी: पेट्रोल, स्पार्क, दाब. आणि तिन्ही ठीक असून वेळ चुकणं ही चौथी.

पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारला आणि हाताने ॲक्सिलरेटर ओढला. बारीक, सरळ धार. म्हणजे फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे आणि ॲक्सिलरेटर पंपही जिवंत. प्लग काढले तर चारही ओले, काळे. पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. प्लग पुसून, वाळवून, गॅप ०.७ मिलिमीटर करून बाजूला ठेवले.

दाब. चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ९.८, १०.२, १०, ९.६ बार. या वयाला आणखी काय हवं?

वेळ. पहिलं सिलिंडर दाबाच्या फेऱ्यात वर आणलं. प्लगना पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्या वायरकडे तोंड करून. फायरिंगचा क्रम १-३-४-२, वायरी त्याच क्रमाने. ठीक.

स्पार्क. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. पॉइंटवर एका बाजूला बारीक टेंगूळ, समोरच्या बाजूला तेवढाच खळगा. कानसून सपाट केले, गॅप ०.४ मिलिमीटर. आता नेहमीची युक्ती: प्लग बसवून भोकं बंद, सांडलेलं पेट्रोल पुसून थोडा वेळ वारा लागू दिला, चावी ‘ऑन’ला, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली आणि पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उघड-मिट केले. दर वेळी चट्, निळी, जाड ठिणगी.

वहीत लिहिलं: स्पार्क ठीक.

सगळंच ठीक. फक्त गाडी सुरू होत नाही. संध्याकाळी आणखी आठ वेळा सेल्फ मारला. बॅटरी चार्जरला लावून झोपलो.

बुधवार, २२ जानेवारी

काम नाही, फक्त एक नोंद. जेवताना भाचा म्हणाला, “मामा, एक सांगू? मी चावी दाबून ठेवतो तोवर ती नुसती फिरते. सोडतो ना, त्या क्षणी एकदा ठसकते.”

तो ठसका मलाही ऐकू येत होता. सायलेन्सरमधून एक फट्. साचलेलं पेट्रोल पेटत असेल म्हणून मी सोडून दिला होता. पेटत असेल हे बरोबरच. पण पेटवतं कोण? आणि चावी सोडतानाच का?

शनिवार, २५ जानेवारी

आज आधी वायरिंगचा नकाशा घेऊन बसलो, पान्याला हात न लावता.

माझ्या गाडीची कॉइल पूर्ण बारा व्होल्टची नाही. तिच्या वाटेत एक बॅलास्ट रेझिस्टर आहे. कॉइलची प्रायमरी दीड ओहम, बॅलास्ट दीड ओहम. पॉइंट बंद असताना निम्मं व्होल्टेज बॅलास्ट खातो, निम्मं कॉइलला मिळतं. मग असली कंजूष कॉइल ठेवायची कशाला? सेल्फसाठी. सेल्फ मारताना बॅटरी दहाच्या घरात उतरते आणि ठिणगी नेमकी तेव्हाच जोरदार हवी असते. म्हणून तेवढ्या वेळापुरती एक वेगळी पातळ वायर बॅलास्टला वळसा घालून कॉइलला सरळ बॅटरीचं व्होल्टेज देते. ही वायर निघते कुठून? सॉलेनॉइडवरच्या एका छोट्या टोकावरून.

सॉलेनॉइडवरून. जिथे मी १२ तारखेला बोटांनी चाचपून वायरी काढल्या आणि ‘जाड केबल, पातळ वायर’ अशा दोनच परत लावल्या.

तरीही लगेच खाली घुसलो नाही. या गाडीने एकदा घाईची किंमत वसूल केली आहे. कॉइलचं निगेटिव्ह टोक जंपरने ब्लॉकला जोडलं, म्हणजे पॉइंट कायम बंद असल्यासारखं झालं, आणि मीटर कॉइलच्या पॉझिटिव्हवर. (हे थोडाच वेळ करायचं, कॉइल तापते.)

चावी ‘ऑन’: ६.१ व्होल्ट. बरोबर निम्मं.
चावी ‘स्टार्ट’, सेल्फ फिरतोय: ०.
चावी सोडली: पुन्हा ६.१.

शून्य! वळशाची वायर सुटली असली तरी बॅलास्टमधून पाचेक व्होल्ट तरी यायला हवे होते. म्हणजे दोष एक नाही, दोन. चावीच्या स्विचमागे सुई लावली तर उत्तर मिळालं. ‘ऑन’चा जो कॉन्टॅक्ट ‘स्टार्ट’लाही जोडलेला राहायला हवा, तो घासून इतका झिजलाय की चावी पुढे नेली की सुटतो. असं किती वर्षं चाललं असेल कोण जाणे. वळशाची वायर जागेवर होती तोवर कुणालाच कळलं नाही, कारण सेल्फ मारताना कॉइलला तीच पोसत होती. मी ती काढली आणि झाकलेलं उघडं पडलं.

आता तो ठसका बघा. चावी ‘स्टार्ट’ला असेपर्यंत कॉइल मेलेली. चावी सोडली की सेल्फ सुटतो, पण इंजिन आपल्या वेगात अजून अर्धा-एक फेरा मारतं आणि नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात कॉइल जिवंत होते. एखादं सिलिंडर पेटतं, फट् करतं, तोवर फेरा संपलेला. माझी रविवारची निळी ठिणगी खरीच होती, पण ती चावी ‘ऑन’ असतानाची. सेल्फ फिरताना ठिणगी आहे का, हे मी बघितलंच नव्हतं. मंगळवारी बॅटरीच्या बाबतीत जे स्वतःला ऐकवलं, ते रविवारी विसरलो.

आणि धक्का! धक्का मारताना चावी ‘ऑन’लाच असते. प्लग इतके ओले व्हायच्या आधी, १८ तारखेला भाच्याचं ऐकलं असतं, तर गाडी बहुधा सुरू झाली असती आणि दोष फक्त ‘स्टार्ट’च्या स्थितीत आहे हे त्याच मिनिटाला कळलं असतं. हे त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

मग गाडीखाली गेलो. वायर सॉलेनॉइडच्या मागे, केबलच्या जुडग्यात दडून बसली होती, टोकाची क्लिप जरा पसरलेली. पक्कडीने दाबून घट्ट केली, टोक घासलं, बसवली. सेल्फ फिरत असताना पुन्हा मोजलं: १०.३.

जंपर काढला. प्लग पुन्हा ओले होते, वाळवून बसवले. साचलेलं पेट्रोल बाहेर पडावं म्हणून चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. पहिले तीन-चार फेरे काही नाही, मग एक सिलिंडर, मग दोन, आणि मग खोकत, पांढरा-काळा धूर ओकत चारही. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला. दोन मिनिटांत आवाज गोल झाला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर भरतोय.

रविवार, २६ जानेवारी

ऑइलची काठी हुंगली. पेट्रोलचा स्पष्ट वास आणि पातळीही खुणेच्या जरा वर. इतक्या वेळा न पेटता सेल्फ मारला, त्यातलं बरंच पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरलं. असं ऑइल पातळ होतं, बेअरिंगांना ते सोसत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलला. माझ्या दोन चुकीच्या निदानांचा हा दंड.

रविवार, २ फेब्रुवारी

आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनावर चोक ओढून सुरू केली. दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला पकडते. चोकची केबल थंडगार.

राहिलेलं काम: चावीचा स्विच. नवा मागवला आहे, आला की स्टिअरिंगखालचं कव्हर उघडायचं. तोवर गाडी एकट्या वळशाच्या वायरीच्या जिवावर चालू होते आहे. त्या वायरीवर लाल टेप गुंडाळली आहे, सॉलेनॉइडवरच्या तिन्ही टोकांचा फोटो काढून वहीत चिकटवला आहे, आणि त्याखाली भाच्याने पेनने लिहिलंय: ‘तीन. दोन नाही.’